क्रुपसाठी रात्री लातूरला गेलो: बालरुग्णालयाचा अनुभव

क्रुप म्हणजे लहान लेकरांच्या आवाजाच्या पेटीखाली सूज येऊन श्वासाची वाट आवळते तो आजार. दवाखान्याला पाचपैकी चार तारे देते. त्यातले तीन एकट्या रात्रपाळीच्या डॉक्टर मॅडमचे.

मी औसा तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. लेकीचा दीड वर्षाचा मुलगा दिवाळीनंतरच्या थंडीत आमच्याकडं आला होता. दिवसभर नुसतं नाक वाहत होतं. रात्री झोपेतून उठला तो कुत्रं भुंकावं तसा खोकतच. आवाज घोगरा झालेला, श्वास आत ओढताना घशातून कर्कश सूर निघायचा आणि गळ्याखालची खळगी आत जायची. शेजारची म्हातारी बिब्ब्याचा चटका द्या म्हणाली. मी तिला दारातच थांबवलं आणि जावयाला गाडी काढायला सांगितली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा कागदपत्रं, पैसे यांची कुणी आधी विचारणा केली नाही. मॅडमनी लेकराला आईच्या मांडीवरून उचललंसुद्धा नाही. तिथंच स्टेथोस्कोप लावला, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. घसा बघायला तोंडात चमचा घातला नाही. "रडलं की सूज आलेली वाट अजून आवळते, मावशी. त्याला आईजवळच राहू द्या," म्हणाल्या. मग लसीकरण कार्ड मागितलं. पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या लसीचे तिन्ही डोस झालेत, म्हणजे घटसर्प आणि घसा अचानक सुजवणाऱ्या हिब जंतूची शक्यता कमी, हे त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. शेंगदाणा, फुटाणा तोंडात घातला होता का, तेही दोनदा विचारलं, कारण तो श्वासाच्या वाटेत अडकला तरी असाच त्रास होऊ शकतो. आमच्याकडं घराघरात शेंगा असतात, म्हणून हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला.

पाजायचं औषध एकच. वजन करून डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं औषध तोंडातून पाजलं. शांत बसला असतानाही श्वासाचा आवाज येत होता म्हणून मशीनमधून अ‍ॅड्रेनालिन या सूज तात्पुरती कमी करणाऱ्या औषधाची वाफ दिली. थोड्या वेळात छाती ओढणं कमी झालं. लेक लगेच घरी निघायचं म्हणत होती, पण मॅडमनी सोडलं नाही. या वाफेचा असर दोनेक तासांत उतरतो आणि त्रास पुन्हा येऊ शकतो, म्हणून पहाटेपर्यंत बसवून ठेवलं. डेक्सामेथासोनचा असर मात्र दोन-तीन दिवस टिकतो.

जावयानं अँटिबायोटिक आणि एक्स-रे मागितला. गावातल्या एका ठिकाणी न तपासता अँटिबायोटिकची बाटली हातात ठेवली होती, तीही दाखवली. मॅडमनी ती बाजूला ठेवायला सांगितली आणि चिठ्ठीच्या मागं पेनानं दोन गोल काढले. लेकराच्या आवाजाच्या पेटीखालची वाट आधीच अरुंद. चार मिलिमीटरच्या वाटेला आतून चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली की हवेसाठी पाव भागच जागा उरते. ही सूज बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झा नावाच्या विषाणूनं येते, त्यातही पहिल्या प्रकारानं जास्त. आरएसव्ही, अडेनो, ऱ्हायनो हे सर्दी-खोकल्याचे विषाणू, फ्लूचे विषाणू, गोवर आणि कोरोनाचा ओमिक्रॉन यांनीही येऊ शकते. विषाणू कोणता हे शोधून उपचार बदलत नाही आणि यातल्या कशावरच अँटिबायोटिक चालत नाही. मोठ्या भावाला त्याच आठवड्यात साधी सर्दी होती. त्याची वाट रुंद, म्हणून तेवढ्यावर निभावलं. आणि विषाणू इतके, की एकदा क्रुप झाला म्हणून पुन्हा होणार नाही असं नाही. इतका वेळ देऊन समजावणारा डॉक्टर रात्रीच्या वेळी मिळणं फार मोठी गोष्ट आहे.

घरी पातेल्यात उकळतं पाणी ठेवून वाफ देऊ नका, हे त्यांनी बजावलं. फायदा सिद्ध झालेला नाही आणि लेकरं भाजतात. हे मी आता माझ्या अंगणवाडीतल्या प्रत्येक आईला सांगते.

एक तारा कापला तो खालच्या बसायच्या जागेमुळं. लसीला आलेली तान्ही बाळं आणि खोकणारी लेकरं एकाच बाकावर. हे विषाणू शिंतोड्यांनी आणि हातांनी पसरतात, मग लसीकरणासाठी वेगळी खोली किंवा वेगळी वेळ ठेवायला काय हरकत आहे? मी काउंटरवर लेखी दिलंय. बिल रास्त होतं, चिठ्ठीवरचं अक्षर वाचता येत होतं. औषधाचं दुकान आवारातच आहे.

रात्री जाणाऱ्यांनी मागच्या दारानं जावं, पुढचं बंद असतं. लसीकरण कार्ड सोबत घ्या. ओठ निळसर दिसले, लाळ गळायला लागली किंवा लेकरू मलूल पडलं, तर लातूरपर्यंत येत बसू नका. 108 ला फोन लावा आणि जवळ जे रुग्णालय असेल तिथं आधी पोचा.