क्रॉसटूल-एनजी: बोर्डावर जुनी जीलिबसी असेल तर हेच घ्या

उबुंटू २२.०४ च्या तयार आर्म क्रॉस कंपायलरने (लॅपटॉपवर चालून आर्म चिपसाठी प्रोग्रॅम बांधणारा कंपायलर) साधा 'हॅलो वर्ल्ड' बांधा आणि डेबियन ११ असलेल्या बीगलबोन ब्लॅक या छोट्या आर्म बोर्डावर चालवा. 'जीलिबसी २.३४ सापडली नाही' म्हणून तो तिथेच मान टाकतो. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या २.३४ मध्ये थ्रेडसाठीची पीथ्रेड ही वेगळी लायब्ररी मुख्य लिबसीत सामावली गेली, आणि मेनला हाक मारणाऱ्या सुरुवातीच्या फंक्शनलाच नवा व्हर्जन सिंबॉल (आवृत्तीची खूण असलेलं नाव) मिळाला. त्यामुळे कोडमध्ये काहीही नवं नसलं तरी फाइल २.३४ मागते. उबुंटू २२.०४ मध्ये २.३५ आहे, डेबियन ११ मध्ये २.३१. बोर्डावरची लिबसी हाताने बदलायला गेलात तर बोर्ड बूट होईलच याची हमी नाही. टूलचेनच (कंपायलर, लिंकर आणि लायब्ररींचा संच) २.३१ ची बांधणं हा शहाणा मार्ग, आणि त्यासाठी क्रॉसटूल-एनजीइतकं नेमकं हत्यार दुसरं नाही.

डॅन केगेल यांच्या मूळ क्रॉसटूलवरून यान मोरां यांनी २००७ मध्ये हे सुरू केलं. हा स्वतः कंपायलर नाही. बिनयुटिल्स (लिंकर, असेंबलर वगैरे), जीसीसी कंपायलर, कर्नल हेडर, जीलिबसी यांचे सोर्स उतरवून तो ते योग्य क्रमाने बांधतो. मेन्यू कर्नलच्या मेन्यूकॉन्फिगसारखाच, त्यामुळे हात लगेच बसतो.

खाली जे आहे ते १.२६ बद्दल. १.२४ च्या नादी लागू नका: त्यात आयएसएल या जीसीसीला लागणाऱ्या लायब्ररीचा पत्ता इन्रियाच्या बंद पडलेल्या सर्व्हरचा आहे, डाउनलोड तिथेच अडकतं. आधी जीपर्फ, बायसन, फ्लेक्स, टेक्सइन्फो, हेल्प-टू-मॅन, गॉक, लिबटूल आणि एन-कर्सेसचं डेव्ह पॅकेज टाकून घ्या. रूट म्हणून चालवलंत तर तो नकार देतो. एलडी-लायब्ररी-पाथ सेट असेल तरीही. ही अडवणूक योग्यच आहे. डिस्कवर १० जीबी मोकळी ठेवा. विंडोजवर डब्ल्यूएसएल वापरत असाल तर काम लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच करा, सी ड्राइव्हवर नको. कर्नल हेडरमध्ये फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेल्या जोडफाइली आहेत, त्या तिथे एकमेकींवर लिहिल्या जातात.

सुरुवात कॉर्टेक्स-ए८ (बीगलबोनचा प्रोसेसर) च्या तयार नमुन्यापासून करावी, पण तो जसाच्या तसा बांधू नये. टार्गेट ऑप्शन्समध्ये फ्लोटिंग पॉइंट 'हार्डवेअर' करा, एफपीयू (दशांश गणित करणारा चिपचा भाग) 'निऑन' लिहा. हे राहिलं तर प्रोग्रॅम वेगळा डायनॅमिक लोडर (सुरू होताना लायब्ररी जोडून देणारी फाइल) शोधतो, आणि फाइल समोर दिसत असूनही शेल म्हणतं, 'अशी फाइल किंवा फोल्डर नाही'. नवखा माणूस इथे फाइलच्या परवानग्या तपासत बसतो. त्यापेक्षा बांधलेल्या फाइलवर रीडएल्फ वजा कॅपिटल ए चालवा. 'व्हीएफपी रजिस्टर्स' ही नोंद दिसली तरच हार्ड फ्लोट.

मग जीलिबसी २.३१ निवडा आणि जीसीसी १०. त्याहून नवं जीसीसी १३ घ्यायचा मोह होतो, पण सी प्लस प्लसचा कोड त्याच्यासोबतच्या नव्या लिबएसटीडीसी प्लस प्लसचे सिंबॉल मागू शकतो, आणि डेबियन ११ मधली लायब्ररी जीसीसी १० च्या काळातली आहे. १३ हवंच असेल तर ती लायब्ररी स्टॅटिक जोडा.

कर्नल हेडरबद्दल गैरसमज फार. नवे हेडर स्वतःहून विशेष बिघडवत नाहीत; बिघडवते ती जीलिबसीची 'किमान कर्नल आवृत्ती'. ती मुळात 'हेडरइतकीच' अशी ठेवलेली असते. हेडर ६.१ चे आणि बोर्डावर कर्नल ५.१० असला की स्टॅटिक जोडलेला किंवा हीच जीलिबसी सोबत नेणारा प्रोग्रॅम सुरू होतानाच 'कर्नल फार जुना' म्हणून मरतो. हेडर ५.४ चे घ्या, प्रश्नच मिटला.

बिल्डला चार कोअरच्या लॅपटॉपवर अर्धा ते एक तास धरा. रॅम कमी असेल तर जीसीसी बांधताना कर्नल कंपायलरला ठार करतो आणि लॉगमध्ये फक्त 'किल्ड' दिसतं. अशा वेळी 'बिल्ड'पुढे टिंब देऊन २ लिहा, दोनच जॉब चालतील. डीबगच्या मेन्यूतलं 'सेव्ह इंटरमीडिएट स्टेप्स' आधीच चालू करा. मग कुठे अडकलं तरी त्या पायरीचं नाव आणि त्यामागे अधिक चिन्ह देऊन तिथूनच पुढे जाता येतं. होममध्ये 'एसआरसी' फोल्डर आधी हाताने बनवा. नसेल तर उतरवलेले टारबॉल साठवलेच जात नाहीत, एवढं सांगून तो पुढे जातो, आणि ती ओळ कुणी वाचत नाही.

तक्रारी दोन. पडद्यावरचे एरर संदेश बहुतेक वेळा निरुपयोगी. खरं कारण 'बिल्ड डॉट लॉग'मध्ये शेवटच्या 'एरर' शब्दाच्या बरंच वर सापडतं. दुसरी, सिसरूट (बोर्डासाठीच्या हेडर आणि लायब्ररींचा फोल्डर) अगदी उघडाबोडका मिळतो. ओपनएसएसएल वगैरे तुम्हालाच बांधून टाकायचं, आणि एक्स-टूल्स फोल्डर मुळात रीड-ओन्ली असतो, तेव्हा पाथ ऑप्शन्समधली ती खूण आधी काढा. पीकेजी-कॉन्फिगला (लायब्ररी कुठे आहे ते बिल्डला सांगणारं साधन) फक्त पाथ देऊन भागत नाही. लिबडिर आणि सिसरूट-डिर ही दोन्ही व्हेरिएबल दिली नाहीत तर लॅपटॉपच्या एक्स८६ लायब्ररी गुपचूप घुसतात.

एसटीएम३२ सारख्या कॉर्टेक्स-एम चिपसाठी मात्र ही खटपट नको, आर्मची तयार टूलचेन उतरवा. पूर्ण रूट फाइलसिस्टीमच बांधायची असेल तर बिल्डरूट सरस. बोर्डावरचं डेबियन तसंच ठेवायचं आहे, त्यांच्यासाठी क्रॉसटूल-एनजी.

एक सोय मात्र खासच. तयार टूलचेनच्या बिन फोल्डरमध्ये 'सीटी-एनजी डॉट कॉन्फिग'ने संपणारी छोटी स्क्रिप्ट असते. ती चालवली की ज्या सेटिंगने ही टूलचेन बांधली ती सगळी पडद्यावर येतात. टीममधल्या कुणीतरी झिप करून पाठवलेल्या टूलचेनचं कूळ शोधायला ती फार कामाला येते.