बाबांच्या जुन्या पीसीला एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) बसवली, ठाण्यातल्या गोखले रोडच्या गल्लीतलं दुकान

बाबांचा पीसी २०१३ चा, थर्ड जनरेशन आय थ्री प्रोसेसर, सोसायटीचे सगळे हिशेब त्याच्यावरच. गेले सहा महिने नुसता चालू व्हायलाच चार-पाच मिनिटं घ्यायचा. आधी दुसऱ्या एका ठिकाणी नेला तर त्यांनी झाकणही न उघडता सांगून टाकलं, भंगारात द्या, नवीन घ्या. बाबांचा चेहराच उतरला हो.

मग नौपाड्यातल्या एका काकांनी ह्या दुकानाचं सांगितलं. दुकान एवढंसं, कॅबिनेट काउंटरवर ठेवलं की दुसरं गिऱ्हाईक पायरीवर थांबतं. पण दुकानातल्या दादांनी काही विकायच्या आधी डिस्क तपासली. क्रिस्टल डिस्क इन्फो हे डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर लावून स्क्रीन आमच्याकडे वळवली, पिवळ्यात कॉशन लिहिलेलं, आणि नीट समजावलं की डिस्क खराब झालेल्या जागा स्वतःच बाजूला टाकत चाललीय, आज चालतेय, उद्याचा भरवसा नाही. म्हणून क्लोनिंगच्या, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवायच्या, आधी हिशेबाचं फोल्डर आणि घरचे फोटो पेनड्राइव्हवर काढले आणि बाबांनाच त्यातल्या दोन-तीन फायली उघडून बघायला लावल्या. मला दुकान आवडलं ते इथेच.

मी ऑनलाइन बघून एनव्हीएमई (थेट बोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसणारी, जास्त वेगवान एसएसडी) घ्यायच्या विचारात होतो, ते म्हणाले मदरबोर्ड जुन्या एच ६१ चिपसेटचा आहे, त्याला स्लॉटच नाही, साधी साटा, म्हणजे केबलने जोडायची एसएसडी घ्या, तीसुद्धा ह्याच्या जुन्या साटा टू पोर्टवर निम्म्याच स्पीडने चालेल, पण जुन्या डिस्कचा खरा वेळ जातो तो हेड फिरवून बारीक बारीक फायली शोधण्यात आणि एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे फरक कळणारच. आणि कळला! आता २५-३० सेकंदात डेस्कटॉप येतो.

अडीच इंची एसएसडी साडेतीन इंची खणात बसत नाही तर ब्रॅकेट लावून चारही स्क्रू घट्ट आवळले, चिकटपट्टीवर लोंबकळत ठेवली नाही. पंख्यावरची धूळ ब्लोअरने उडवली, आणि तारीख सारखी मागे जायची म्हणून बोर्डवरचा सीआर २०३२ सेलही बदलला.

तक्रार एकच, दोन तास सांगून पाच लागले, डिस्क मरायला टेकलेली म्हणून कॉपी रडतखडत चालली हे मान्य, पण एक फोन करायला हवा होता, मला भर दुपारी दोन फेऱ्या पडल्या.

५०० जीबी एसएसडी, ब्रॅकेट, मजुरी धरून ३,८०० झाले, सिरीयल नंबर टाकलेलं बिल मिळालं, जुनी डिस्कही न मागता परत दिली. विंडोज ११ ह्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा बँकेची कामं ह्याच्यावर करू नका असंही बाबांना बजावलं. पार्किंग अजिबात नाही, रिक्षानेच जा आणि कॅबिनेट मांडीवर धरा.