दिव्यांगांसाठी परवडणारी गाडी: वॅगनआर, टियागो, पंच, अमेझ की ट्रायबर?

बजेट पाच ते नऊ लाख, वापर रोजचा आणि घरातली एक व्यक्ती दिव्यांग. एवढ्या माहितीवर कुणी गाडी सुचवत असेल तर तो अंदाजपंचे बोलतोय. पोलिओमुळे डावा पाय अधू असलेला माणूस आणि मणक्याच्या दुखापतीनंतर व्हीलचेअरवर आलेला माणूस, दोघांच्या यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) टक्केवारी सारखी असू शकते. पण पहिल्याला शोरूममधली ऑटोमॅटिक गाडी जशीच्या तशी चालते आणि दुसऱ्याला हाताने ब्रेक-ॲक्सिलरेटर, मोठी डिकी आणि नीट उघडणारं दार, तिन्ही लागतं. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी कोणते हातपाय भरवशाचे आहेत ते, मग गिअरबॉक्स, मग दार आणि डिकी. कंपनी सगळ्यात शेवटी.

कुणाला कोणता बदल

फक्त डावा पाय अधू असेल तर प्रश्न अर्धा सुटलेलाच आहे. दोन पेडलची, म्हणजे ऑटोमॅटिक, कोणतीही गाडी घ्या, वेगळं काही बसवायची गरज नाही. पायात कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा) असेल तर तो घालूनच टेस्ट ड्राइव्ह करा, कारण छोट्या गाड्यांत डाव्या पायाला जागा कमी असते आणि कॅलिपरचा बूट ब्रेक पेडलच्या कडेला लागू शकतो.

उजवा पाय अधू असेल तर ब्रेकच्या डावीकडे दुसरं ॲक्सिलरेटर पेडल बसवतात. ते दुमडणारं घ्या. डावं पेडल खाली केलं की उजवं आपोआप वर जावं आणि घरातल्या इतरांनाही गाडी चालवता यावी. दोन्ही पेडल एकाच वेळी चालू राहतील अशी जोडणी कुणी करून देत असेल तर तिथून निघा. वर्षानुवर्षं उजव्या पायाने चालवलेल्या माणसाचा डावा पाय घाईत ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडतो, हा या रचनेतला खरा धोका. मोकळ्या मैदानात सराव केल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये.

दोन्ही पाय चालत नसतील तर हँड कंट्रोल. एकच लिव्हर, पुढे ढकलला की ब्रेक, ओढला किंवा फिरवला की ॲक्सिलरेटर. सोबत स्टिअरिंगवर फिरता नॉब हवाच, कारण स्टिअरिंगला एकच हात उरतो.

आधीपासून मॅन्युअल गाडी असेल तर ऑटो क्लच बसवून घेण्याचा स्वस्त पर्याय असतो. गिअरच्या मुठीवर बटण किंवा सेन्सर, आणि इंजिनच्या व्हॅक्यूमवर ओढला जाणारा क्लच. डाव्या पायापुरता तो ठीक आहे. व्हॅक्यूमचा पाइप चिरला किंवा सैल झाला की क्लच अर्धवट सुटतो आणि प्लेट जळते. दोन्ही पाय अधू असतील तर हा नाद सोडा. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात ब्रेक-ॲक्सिलरेटर, मग गिअर कोण टाकणार?

लिव्हर डावीकडे की उजवीकडे

गाडी निवडण्याइतकाच हा निर्णय मोठा आहे आणि तो बहुतेक वेळा फिटरच्या सोयीने होतो. लिव्हर डावीकडे असेल तर दाराची बाजू मोकळी राहते, व्हीलचेअरवरून सरकताना मांडी किंवा पाय अडकत नाही. पण मग डाव्याच हाताला ब्रेक, ॲक्सिलरेटर, गिअर सिलेक्टर आणि मधला हँडब्रेक, चारही कामं येतात. लिव्हर उजवीकडे असेल तर डावा हात नॉब, गिअर आणि हँडब्रेकला मोकळा होतो, पण आत बसताना लिव्हर वाटेत येतो. मारुती, ह्युंदाई, होंडामध्ये इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते. डाव्या लिव्हरच्या रचनेत उजवा हात नॉबवर असतो, त्यामुळे नॉब न सोडता बोट दांडीपर्यंत पोचतं का हे बसून बघा.

फिटरकडून तीन गोष्टी मागून घ्या. एक, ब्रेक दाबून धरायचं लॉक. ऑटोमॅटिक गाडी डी मध्ये हळूहळू पुढे सरकते, त्यामुळे लॉक नसेल तर प्रत्येक सिग्नलला हात ढकलून धरावा लागतो आणि खांदा भरून येतो. दोन, पेडलसमोर संरक्षक पट्टी. पायांना झटके येत असतील तर पाय पेडलवर जाऊन आदळतो. तीन, लिव्हरचा रॉड पेडलला धरणाऱ्या क्लॅम्पला लॉकनट. आताच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर पेडल इलेक्ट्रॉनिक असतं आणि त्याचा दांडा बहुधा प्लास्टिकचा असतो. क्लॅम्प जास्त आवळला तर दांडा चिरतो, सैल राहिला तर घसरतो. पहिल्या आठवड्यात आणि नंतर प्रत्येक सर्व्हिसला तो तपासून घ्या, आणि पायातली मॅट रॉडखाली सरकत नाही ना तेही बघा.

एएमटी, सीव्हीटी की इलेक्ट्रिक

स्वस्त ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी. मारुती त्याला एजीएस म्हणते. आत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, क्लच आणि गिअरचं काम ॲक्च्युएटर करतो. मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नास हजार जास्त, मायलेज जवळपास तेवढंच. दोष दोन. गिअर बदलताना हलका झटका बसतो आणि चढावर गाडी मागे येऊ शकते. पायाने चालवणारा हँडब्रेक ओढून निभावतो. हँड कंट्रोलवाल्याला ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरकडे जायला त्याच हाताची हालचाल करावी लागते, आणि मधल्या क्षणात गाडी घसरते. म्हणून एएमटी घ्यायची तर हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावरही गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) असलेलाच प्रकार घ्या. वॅगनआरच्या एजीएसमध्ये तो मिळतो. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय लागली की क्लच प्लेट लवकर संपते. एएमटीच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथे असतं.

सीव्हीटी म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक. त्यात झटका नाही, सरकणं सलग आणि वाहतुकीत ती फार सुखाची. कमरेच्या वर तोल सावरता न येणाऱ्या माणसाला एएमटीचा तो छोटा झटकाही पुढे ढकलतो, त्याच्यासाठी सीव्हीटीचे जादा पैसे सार्थकी लागतात. ट्रान्समिशनचं तेल मात्र कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरला बदललंच पाहिजे. बिघाड झाला तर खर्च एएमटीच्या कितीतरी पट.

घरी स्वतःचं पार्किंग आणि प्लग असेल तर टियागो ईव्हीसारखी छोटी इलेक्ट्रिक गाडी हँड कंट्रोलला छान जुळते. क्लच नाही, गिअर नाही, आणि रीजनरेशन (वेग कमी होताना बॅटरी चार्ज करणारी रचना) वाढवलं की लिव्हर सोडल्यावरच वेग कमी होतो, ब्रेक ढकलणं घटतं. पण सार्वजनिक चार्जिंगची जाड केबल व्हीलचेअरवरून ओढणं अवघड, आणि चार्जरपुढे बहुतेक ठिकाणी फुटपाथची कड असते. रोजचा फेरा घरच्या चार्जिंगवर भागत असेल तरच घ्या.

पाच गाड्या समोरासमोर

| गाडी | ऑटोमॅटिक | उंची (मिमी) | डिकी (लिटर) |
|---|---|---|---|
| वॅगनआर | एएमटी | १६७५ | ३४१ |
| टियागो | एएमटी | १५३५ | २४२ |
| पंच | एएमटी | १६१५ | ३६६ |
| अमेझ (तिसरी पिढी) | सीव्हीटी | १५०० | ४१६ |
| ट्रायबर | एएमटी | १६४३ | ६२५ (तिसरी रांग काढून) |

कमी बजेटमध्ये आमचं मत वॅगनआरकडे झुकतं. छत उंच असल्यामुळे मान न वाकवता आत जाता येतं. सतत बसून होणाऱ्या जखमा टाळण्यासाठी जेलची किंवा हवेची गादी सीटवर टाकली की माणूस पाच-सात सेंटिमीटर वर येतो, तरी डोकं छताला लागत नाही. गाव तिथे सर्व्हिस, सुटे भाग स्वस्त. १.० आणि १.२ लिटर या दोन इंजिनांपैकी घाटात जाणाऱ्याने १.२ घ्यावं. मणक्याच्या वरच्या भागात दुखापत असलेल्यांना दुखापतीच्या खालच्या शरीराला घाम येत नाही, त्यामुळे एसी ही चैन नसते, आणि भरल्या गाडीत एसी लावून चढताना १.० दमतं. कमकुवत बाजू सुरक्षेची. दोन एअरबॅगच्या वॅगनआरला २०२३मध्ये ग्लोबल एनकॅप या अपघात-चाचणी संस्थेने प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एकच तारा दिला होता. २०२५पासून सहा एअरबॅग सर्व प्रकारांत आल्या, पण सांगाडा तोच आहे.

पंच इथे वरचढ ठरते. २०२१च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत पाच तारे, आणि दारं ९० अंशांत उघडतात. व्हीलचेअर सीटला चिकटवून उभी करायची तर हा फायदा केवढा आहे हे पाच मिनिटांत कळतं. अडचण उंचीची. सीट व्हीलचेअरपेक्षा बरीच वर, शिवाय दाराखालची कड रुंद. हातात जोर असलेला तरुण चढतो, साठीतल्या माणसाला ट्रान्सफर बोर्डावरून (व्हीलचेअरवरून सीटवर सरकायची फळी) चढण लागते. कुबड्या वापरणाऱ्यांना मात्र उंच सीटच बरी, उठताना गुडघ्यावर भार कमी येतो.

टियागो मजबूत आहे आणि स्वस्तही, पण २४२ लिटरच्या डिकीत साधी घडीची व्हीलचेअर चाकं काढल्याशिवाय बसवणं कठीण. व्हीलचेअर नसेल, कुबडी-कॅलिपरवर काम भागत असेल, तर टियागोचा विचार जरूर करा.

अमेझची सीव्हीटी आणि चार सिलिंडरचं शांत इंजिन हँड कंट्रोलवाल्यांना मानवतं. नवी घ्यायची तर वॅगनआर एजीएसपेक्षा दोन लाखांहून जास्त मोजावे लागतात. २०१८नंतरची दुसऱ्या पिढीची सेकंडहँड पेट्रोल सीव्हीटी हा मधला मार्ग, सर्व्हिसची पूर्ण नोंद असेल तर. सीट खाली आहे, त्यामुळे सरकून बसणं सोपं आणि परत व्हीलचेअरवर चढणं अवघड. डिकी मोठी असली तरी सेडानचं तोंड अरुंद असतं. व्हीलचेअर आडवी करून कडेवरून उचलून आत ढकलावी लागते, एकट्या मदतनीसाची कंबर त्यात जाते.

ट्रायबर स्वतः चालवणाऱ्यासाठी नव्हे, दिव्यांग व्यक्तीला घेऊन फिरणाऱ्या कुटुंबासाठी. तिसऱ्या रांगेच्या सीट सुट्या निघतात आणि मग मोटरवाली व्हीलचेअरही बसू शकते. पण तशी व्हीलचेअर बहुधा जड असते, तेव्हा सोबत दुमडता रॅम्प लागेल. ९९९ सीसीचं इंजिन भरल्या गाडीला अपुरं पडतं आणि एएमटी वरच्या प्रकारातच मिळते.

सीएनजीचा मोह सगळ्यांना होतो. वॅगनआरच्या सीएनजीत टाकी डिकी खाते आणि गिअर मॅन्युअलच मिळतो, म्हणजे आपल्या कामाची दोन्ही कारणं गेली. टाटाची दोन छोट्या टाक्यांची रचना डिकी बरीच वाचवते आणि टियागोत सीएनजीसोबत एएमटीही आहे, पण उरलेल्या जागेत व्हीलचेअर बसते का ते घालून बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

शोरूममध्ये टेप घेऊन जा

स्वतःची व्हीलचेअर आणि गादी सोबत न्या. माणूस बसलेला असताना जमिनीपासून सीटची उंची मोजा. व्हीलचेअरची सीट साधारण ४८ ते ५० सेंटिमीटरवर असते. फरक जितका कमी तितकं सरकणं सोपं, आणि हा फरक जाताना व येताना उलटा होतो हे विसरू नका. सीटच्या कडेपासून दाराच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, बोर्ड तेवढा लांब लागेल. डिकीच्या तोंडाची रुंदी आणि कडेची उंची घ्या. मग पार्सल ट्रे काढून व्हीलचेअर प्रत्यक्ष आत ठेवा आणि दार लावून बघा. सेल्समन 'बसते हो साहेब' म्हणेल. बसवून दाखवा म्हणावं.

दिव्यांग व्यक्ती फक्त प्रवासी असेल तर फिरत्या सीटची चौकशी करा. मारुतीने डिसेंबर २०२५मध्ये वॅगनआरच्या पुढच्या प्रवासी सीटसाठी ती अधिकृतपणे आणली आहे. गाडीच्या सांगाड्यात फेरफार न करता ती बसते. गल्लीतल्या वेल्डरकडून सीटचे बोल्ट कापून केलेली फिरती सीट अपघातात जागेवर राहीलच असं नाही, त्या वाटेला जाऊ नका.

कागदपत्रांचा क्रम

२२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल १२०० सीसी आणि डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर सगळ्यांनाच १८ टक्के जीएसटी आहे. अस्थिव्यंग असलेल्यांना सवलतीचा म्हणून मिळणारा दर हाच होता. त्यामुळे 'सवलतीचं प्रमाणपत्र काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटला पैसे देण्याआधी नेमकी बचत किती ते लिहून मागा. इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के.

मोठी रक्कम रस्ता करात असते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे सहा लाखांवर ६६ हजार. करमाफीचा अर्ज कायम नोंदणीच्या आधी आरटीओत द्या, कर एकदा भरला की परतावा मिळवणं जिकिरीचं. तात्पुरती नोंदणी, मग बदल, मग मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी, मग कायम नोंदणी, असा क्रम सोयीचा. ऑक्टोबर २०२०पासून नमुना २० मध्ये (गाडीच्या नोंदणीचा अर्ज) मालकीचा प्रकार 'दिव्यांगजन' असा नोंदवता येतो. डीलरचा माणूस सवयीने 'वैयक्तिक' टाकतो, सही करण्याआधी ते वाचा. टोलमाफीचा फास्टॅग या नोंदीवरच अडतो. परवान्यावरही बदल केलेल्या वाहनाची नोंद हवी.

विम्यात आयएमटी-१२ या कलमाखाली दिव्यांगांसाठी खास बदल केलेल्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर ५० टक्के सूट आहे. आरसीवर नोंद झाल्यावर ती पॉलिसीत मागून घ्यावी लागते. हँड कंट्रोल पॉलिसीत दाखवलं नसेल तर दाव्याच्या वेळी 'न कळवलेला बदल' म्हणून कंपनी हात वर करू शकते, म्हणून फिटरचं बिल गाडीच्या नंबरासह घ्या आणि त्याची प्रत विमा कंपनीला मेलने पाठवा.