एकच चित्र, दोन दारं: आरासाकचा चित्रसंग्रह सात वर्षं वापरल्यावर

माझ्या वर्गाच्या दाराशी, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, झोक्याचं एक चित्र लावलंय. पाच सेंटिमीटरचा चौकोन, जाड काळी रेघ, खाली मोठ्या अक्षरांत ‘झोका’. तेच चित्र, त्याच आकारात, माझ्या वर्गातल्या एका चार वर्षांच्या मुलाच्या घराच्या दारावर आहे, आणि तिसरं त्याच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात. तिन्ही चित्रं एकसारखी असायला हवीत, हे मला आणि त्याच्या घरच्यांना उमजायला पाऊण वर्ष गेलं. ते पाऊण वर्ष दुसऱ्या कुणाचं जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

मी विशेष शिक्षिका आहे. तीन ते सहा वर्षांची मुलं माझ्याकडे असतात. कुणाचं बोलणं अजून आलेलं नाही, कुणी स्वमग्न आहे, कुणाला डाऊन सिंड्रोम, कुणाच्या हातापायांवर ताबा नाही. इतक्या वर्षांत साधनं पुष्कळ हाताळली. त्यातल्या ज्या एका गोष्टीवाचून माझा वर्ग चालणार नाही ती म्हणजे आरासाक.

स्पेनमधल्या आरागोन प्रांताच्या सरकारने चालवलेला हा चित्रचिन्हांचा संग्रह आहे. ज्यांना बोलून सांगता येत नाही त्यांच्यासाठी २००७ मध्ये त्याची सुरुवात झाली. चित्रं सेर्जियो पालाओ यांनी काढलेली आहेत आणि आता त्यांची संख्या दहा हजारांच्या वर आहे. संकेतस्थळावर शब्द टाकायचा, चित्र निवडायचं, उतरवून घ्यायचं. पैसे लागत नाहीत. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे, म्हणजे छापा, वाटा, बदला, पण विकू नका; काढणाऱ्याचं आणि संस्थेचं नाव लिहा; आणि तुम्ही बदल करून काही नवं बनवलंत तर तेही याच अटींवर इतरांना द्या. माझ्या प्रत्येक पानाच्या तळाशी ती श्रेयाची ओळ असते, आणि पालकांनाही मी ती कापून टाकू देत नाही.

माझ्यासाठी खरी किंमत आहे ती चित्र बदलण्याच्या सोयीला. त्याच पानावर पार्श्वभूमीचा रंग बदलता येतो, चौकट घालता येते, केसांचा आणि त्वचेचा रंग निवडता येतो, रंगीत चित्र काळं-पांढरं करता येतं, चित्रावर फुली मारता येते. वरवर किरकोळ वाटेल. पण वर्गात एक मुलगी आहे, तिचे डोळे ठीक आहेत, मेंदूला मात्र दिसलेलं नीट जुळवता येत नाही. पांढऱ्या कागदावरची रंगीबेरंगी चित्रं तिच्यासाठी नुसता गोंधळ. काळ्या पार्श्वभूमीवर, एका वेळी एकच चित्र, असं छापलं तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्याकडे बघत राहिली. आणि फुलीचं म्हणाल, तर पावसाच्या दिवशी झोका बंद असतो. पूर्वी मी त्या दिवशी झोक्याचं चित्र काढूनच ठेवायची, आणि मुलं ते शोधत रडायची. आता चित्र जागेवरच असतं, वर लाल फुली. रडणं पूर्ण थांबलेलं नाही, पण शोधणं थांबलं. ‘आहे, पण आज नाही’ हे चार वर्षांच्या मुलाला सांगायचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

आता त्या मुलाबद्दल. वर्गात तो तीन महिन्यांत चित्र देऊन मागायला शिकला. आम्ही पेक्स नावाच्या पद्धतीचं पहिलं पाऊल वापरलं. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत सहा टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात दोन मोठी माणसं लागतात. एकजण समोर, हातात मुलाची आवडती वस्तू घेऊन. आमच्याकडे साबणाचे फुगे होते. दुसरा मुलाच्या मागे, गप्प. मुलाचा हात वस्तूकडे गेला की मागच्याने तो हात चित्राकडे न्यायचा, चित्र समोरच्याच्या तळहातावर ठेवायला मदत करायची. समोरच्याने लगेच ‘फुगे!’ म्हणायचं आणि फुगे उडवायचे. ‘काय हवं?’ असं विचारायचं नाही. तो प्रश्न थेट पाचव्या टप्प्यात येतो. कारण आपण विचारल्यावरच मागायची सवय लागली, तर कुणी विचारेपर्यंत मूल थांबून राहतं.

वर्गात जमलं, घरी शून्य. आई म्हणाली, “ताई, आमच्याकडे तो चित्रांना हातसुद्धा लावत नाही.” मी घरून चित्रं मागवून बघितली. इंटरनेटवरून उतरवलेले फोटो होते. झोक्याचा एक फोटो बागेतला, पुढच्या आठवड्यात दुसरा, त्यात भलतीच मुलगी बसलेली. आकार कधी पोस्टकार्डाएवढा, कधी नखाएवढा. आणि बाबा रोज संध्याकाळी ती चित्रं एकेक करून त्याच्यासमोर धरून विचारायचे, “हे काय आहे? सांग, हे काय?”

मनापासून करत होते ते. ऑफिसातून दमून आल्यावर रोज अर्धा तास. पण चित्र हे मुलाच्या हातातलं बोलणं आहे, त्याची परीक्षा घ्यायचा कागद नाही. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी चित्रं दिली नव्हती, नुसतं ‘घरीही चित्रं वापरा’ म्हणाले होते. चूक माझी होती.

मग मी वर्गातली बारा चित्रं जशीच्या तशी छापून घरी दिली. तोच आकार, तीच लिपी, तीच चौकट. वेल्क्रोची खरखरीत बाजू कार्डाला की फळ्याला, हेसुद्धा दोन्हीकडे सारखंच ठेवलं, कारण मुलं हाताने ओळखतात. बाबांना वर्गात बोलावून एक दिवस त्यांना मुलाच्या मागे बसवलं, गप्प. अकराव्या दिवशी आईचा निरोप आला: तो दारावरचं झोक्याचं कार्ड काढून आजीच्या हातात देऊन उभा राहिला होता. आजी त्याला घेऊन खाली गेली.

म्हणून परीक्षण लिहिताना मी ‘किती चित्रं आहेत’ हे शेवटी मोजते. आधी बघते, की हेच चित्र घरी, आजोळी, थेरपीच्या खोलीत आणि पुढच्या शाळेत कुणालाही छापता येईल का? पूर्वी ज्या संस्थेत होते तिथे एका नावाजलेल्या संचाची सशुल्क प्रत होती. चित्रं सुंदर होती, पण ती प्रत ऑफिसातल्या एकाच संगणकावर चालायची. पालकांना देता यायची नाही. मूल संस्था सोडून गेलं की त्याची सगळी चित्रं मागेच राहायची. दोन वर्षं शिकलेले शब्द कुणी काढून घ्यावेत तसं ते होतं. आरासाकच्या बाबतीत मूल जाताना मी त्याच्या आईला फाइल देते आणि सांगते, पुढच्या ताईंना हीच दाखवा.

उणं काय? एकेका शब्दाला कधी पाच, कधी दहा चित्रं निघतात. आईने एक निवडलं आणि मी दुसरं, तर पुन्हा पहिल्यासारखीच गत. त्यामुळे मी एक यादी ठेवते: शब्द आणि त्यासमोर निवडलेलं चित्र चिकटवलेलं. यादीत नाही ते छापायचं नाही. दुसरं, ‘वाट बघ’, ‘अजून’, ‘वेगळं’ अशा शब्दांची रेखाचित्रं बघून कुठल्याही लहान मुलाला अर्थ कळणार नाही. हा दोष या संग्रहाचा नाही, अशा शब्दांचं चित्र मुळात होतच नाही. ते वापरूनच शिकवावे लागतात. ‘अजून’चं कार्ड मी दिवसातून पन्नास वेळा बोट ठेवून दाखवते, मुलाकडून काहीही न मागता. आपण त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलल्याशिवाय ती भाषा त्यांना कशी येईल? आणि काही मुलांना चित्रच अजून कळत नाही. त्यांना खरी वस्तू द्या. बाहेर जायचं असेल तर त्यांचा बूट हातात द्या. चित्र नंतर.

छपाईचं एक सांगते, कुठे लिहिलेलं सापडत नाही. चित्र आधी कापा, मग लॅमिनेशन करा आणि भोवती तीन-चार मिलिमीटर प्लॅस्टिक सोडा. उलट केलंत तर कडा उघड्या राहतात आणि लाळ आत जाते. कोपरे गोल करा. चमकदार प्लॅस्टिकवर दिवा चमकला की मुलाला चित्र दिसतच नाही, मंद पृष्ठाचं घ्या. प्रत्येक कार्डाच्या दोन प्रती. एक हरवणारच.

संकेतस्थळावर तयार साहित्याचा एक विभाग आहे, जगभरातल्या शिक्षकांनी बनवून ठेवलेलं. दिनक्रमाचे तक्ते, हात धुण्याच्या पायऱ्या, ‘आधी–मग’ फलक. मी तिथून कल्पना घेते आणि तक्ते स्वतः बनवते, कारण माझ्या मुलांचा दिवस माझ्या मुलांचाच असतो.

सोबत वापरते ती आणखी काही साधनं, थोडक्यात. सीबोर्ड हे मोफत आणि मुक्त-स्रोत ॲप ब्राउझरमध्येच उघडतं. चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येतो. ज्या घरात टॅब आहे तिथे चांगलं, पण कागदाची कार्डं फेकू नका. टॅबची बॅटरी संपते आणि पाण्याजवळ तो नेता येत नाही. मुलाचा विकास वयानुसार होतोय का, हे बघायला अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं माइलस्टोन ट्रॅकर हे ॲप आहे, दोन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. २०२२ मध्ये त्यांनी याद्या बदलल्या. आता त्या त्या वयाच्या ७५ टक्के किंवा अधिक मुलांकडून जे अपेक्षित असतं तेच यादीत आहे. त्यामुळे एखादी गोष्ट येत नसेल तर ‘येईल हळूहळू’ म्हणत बसू नका, तज्ज्ञांकडे जा. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांमध्ये स्वमग्नतेची शक्यता आहे का हे बघायला एम-चॅट ही वीस प्रश्नांची प्राथमिक चाचणी आहे. ती निदान करत नाही, पुढे तपासायला हवं का एवढंच सांगते. हे वाक्य मी पालकांना दोनदा सांगते. कारण रात्री एकट्याने फोनवर ती भरून सकाळी रडत आलेल्या आया मी पाहिल्या आहेत. शक्यतो ती कुणी जाणतं सोबत असताना भरा.

पालकांसाठी मनापासून सुचवेन ते जागतिक आरोग्य संघटनेचं काळजीवाहकांसाठीचं कौशल्य प्रशिक्षण. दोन ते नऊ वर्षांच्या, विकासात मागे असलेल्या किंवा अपंगत्व असलेल्या मुलांच्या घरच्यांसाठी ते आहे: नऊ गटसत्रं आणि तीन गृहभेटी. ते ऑनलाइनही उपलब्ध आहे. खेळातून आणि रोजच्या कामांतून मुलाशी कसं गुंतायचं, हे त्याचं मुख्य सूत्र. आईने स्वतःची काळजी घेण्यावरही त्यात भर आहे. असं म्हणणारं साधन मला क्वचितच भेटलं.

आणि ज्या भीतीपोटी कितीतरी घरांत कार्डं कपाटात पडून राहतात तिच्याबद्दल. “ताई, चित्रांची सवय लागली तर तो बोलणारच नाही.” ही भीती मला समजते. बोलण्याची वाट बघणाऱ्या आईला कार्ड हातात घेणं म्हणजे आशा सोडण्यासारखं वाटतं. पण मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ मध्ये तोवरचे अभ्यास चाळून एक आढावा प्रसिद्ध केला. ज्या २७ जणांबाबतचा पुरावा सर्वांत भक्कम होता, त्यांत चित्रं, खुणा किंवा यंत्र वापरल्याने एकाचंही बोलणं कमी झालेलं नव्हतं. बहुतेकांचं वाढलं होतं, बऱ्याचदा थोडंच, पण वाढलं होतं. मी हे पालकांना लिहूनच देते. घरी मोठ्यांशी वाद झाला तर त्यांच्या हातात काहीतरी असावं.

त्या मुलाच्या तोंडून झोका हा शब्द अजून आलेला नाही. कार्ड देताना तो ‘ओ’ म्हणतो. बारा कार्डांची एकोणचाळीस झाली आहेत. गेल्या आठवड्यात आजी स्वतः वर्गात आली आणि म्हणाली, “ताई, ‘दुखतंय’चं चित्र आहे का हो? रात्री रडतो, तर कुठे दुखतंय ते कळत नाही.” आम्ही दोघींनी मिळून संकेतस्थळावर शोधलं. पोट, कान, डोकं, दात यांची चित्रं आजीने स्वतः निवडली. आज दुपारी ती छापून, कोपरे गोल करून, दोन-दोन प्रतींत त्याच्या दप्तरात ठेवली.