सहा शनिवार, पाचशे रुपये आणि जामिनाचा रकाना

या वर्गाला मी स्वतःहून गेलो नाही. रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी दारातच गाठलं. "पुरुषांसाठी पैशाच्या नियोजनाचा वर्ग सुरू करून राहिलो, तुमचं नाव लिहू ना?" मागे बायको उभी. नाही म्हणायची सोयच नव्हती.

नागपूरच्या सदर भागातल्या एका चर्चचा मागचा हॉल. सहा शनिवार, संध्याकाळी सहा ते आठ. फी पाचशे रुपये, त्यात एक वही, एक पेन आणि दर वेळी चहा-आलुबोंडा. शिकवणारे सर बँकेतून निवृत्त झालेले, कर्ज विभागात आयुष्य गेलेलं. पहिल्या दिवशी आम्ही २३ जण होतो: माझ्यासारखे रेल्वेच्या अजनी लोकोशेडचे तिघे, दोन शिक्षक, एक ऑटोवाला भाऊ, बुटीबोरीच्या कारखान्यांतले काही, आणि एक काका जे सहाही शनिवार पहिल्या रांगेत झोपले.

आधी उणं सांगून टाकतो. वाटलेले छापील कागद कुठून तरी उचललेले होते. पहिल्या पानावर डॉलरची थप्पी. तिसऱ्या पानावर कर वाचवायला हिंदू अविभक्त कुटुंबाचं वेगळं खातं कसं काढावं, ते. हॉलभर ख्रिस्ती माणसं बसलेली, आपल्याला ती सोयच नाही, आणि कागद छापणाऱ्याला पत्ता नाही. सरांनी ते पान फाडायला लावलं तेव्हा काका जागे झाले.

सुरुवात अपेक्षेप्रमाणे बायबलातल्या लूक १४ मधल्या बुरुजाने. बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब कोण करत नाही? हा उतारा मी शब्बाथ शाळेपासून ऐकतो आहे. पण सर म्हणाले, "बुरूज राहू द्या. मानकापूरपासून हुडकेश्वरपर्यंत किती घरांच्या स्लॅबवर सळया उभ्या दिसतात ते मोजा." त्या दिवशी घरी जाताना मी खरंच मोजायला लागलो. आमच्याच गल्लीत चार. एक माझं.

पहिला गृहपाठ तीस दिवसांचा खर्च लिहायचा. हे सगळेच सांगतात, म्हणून फार लिहीत नाही. माझ्या वहीत दोन नोंदी मात्र टोचल्या. एक, खर्रा, महिन्याला १,४०० रुपये. (बायकोच्या मते मी तो दोन वर्षांपूर्वीच सोडला आहे.) दुसरी, चर्चमधल्या सुगीच्या सणाच्या लिलावात घेतलेला भोपळा, १,१०० रुपये. सणाचा लिलाव कसा चढतो ते आपल्याकडच्या सगळ्यांना ठाऊक आहे. समोरच्याने हजार म्हटलं की आपल्यातला जमीनदार जागा होतो. देवाच्या घरासाठी दिले हे खरं, पण अकराशेतला देवाचा वाटा किती आणि समोर बसलेल्या साडूला दाखवायचा किती, हा हिशेब मी वहीत लिहिला नाही.

दशमांशावर, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला देण्यावर, चाळीस मिनिटं वाद झाला. एकूण पगारावर काढायचा की हातात येणाऱ्यावर? मी २००८ ला लागलेला, म्हणजे एनपीएसवाला, नव्या पेन्शन योजनेतला. मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे १० टक्के माझ्या हातात येण्याआधीच कापले जातात. एक दशमांश सरकारच घेऊन ठेवतं, म्हटलं. सगळे हसले. सरांनी २ करिंथ ९ काढून दाखवलं: ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा दडपणाखाली नाही. बरोबर आहे. पण ऑटोवाल्या भाऊने विचारलं, "सर, गाडीचा हप्ता थकला आहे, तरी दहा टक्के द्यायचे का?" इथे सर निसटले. "प्रार्थना करून ठरवा" म्हणाले. कर्ज विभागात तीस वर्षं काढलेल्या माणसाकडून मला याहून सरळ उत्तर हवं होतं.

या वर्गाचे पाचशे रुपये वसूल झाले ते दुसऱ्या शनिवारी. वहीच्या मधल्या जोडपानावर तक्ता आखलेला होता. वर रोमकरांस १३:८, कोणाच्या ऋणात राहू नका. खाली रकाने: कोणाचं देणं, किती, व्याज, हप्ता, कधी फिटेल. आणि शेवटचा रकाना, 'जामीन'. 

एकाने विचारलं, "सर, जामीन म्हणजे आपलं कर्ज थोडीच असते? आपण तर नुसती सही केली."

सर खुर्चीवरून उठले. त्या सहा आठवड्यांत ते उठून बोलले ते एवढ्या एकदाच. १८७२ चा भारतीय करार कायदा, कलम १२८: करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. धनकोने, म्हणजे कर्ज देणाऱ्याने, आधी कर्जदाराच्या मागे लागावं, त्याचं घर विकावं आणि मग तुमच्याकडे यावं, असं काही नाही. तो पहिल्या दिवशी तुमच्या दारात येऊ शकतो. "आणि येतोच," सर म्हणाले, "कारण तुमचा पगार पक्का आहे, म्हणूनच तर तुमची सही घेतली होती."

मग नीतिसूत्रे ६. शेजाऱ्याला जामीन राहिला असशील, तोंडच्या शब्दांत सापडला असशील, तर डोळ्याला झोप लागू देऊ नको, जा, त्याच्यापुढे नम्र हो, त्याच्या मागे लाग, हरिण शिकाऱ्याच्या हातून सुटतं तसा सूट. लहानपणापासून त्या अध्यायातली मुंगीच तेवढी माझ्या लक्षात होती. मुंगीच्या आधी हे पाच ओवींएवढं लिहिलेलं आहे, हे कधी नजरेत भरलंच नाही.

माझ्या शर्टाच्या खिशात तेव्हा एक नोटीस होती. पाच महिने मी ती लोकोशेडच्या लॉकरमध्ये ठेवत होतो आणि शनिवारी, लॉकर साफ करायचा दिवस म्हणून, खिशात. तरुण संघातला जुना मित्र, दोघांनी मिळून कितीतरी नाताळला घरोघर गाणी म्हटलेली. त्याने एका पतसंस्थेतून तीन लाख काढले, मी आणि आणखी एक गृहस्थ जामीन. वर्षभर हप्ते गेले, मग थांबले. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज केल्याची ती नोटीस. व्याजासह २,१८,००० रुपये. दुसरे जामीनदार निवृत्त, म्हणून सगळ्यांचे डोळे माझ्याकडे.

मी शेवटच्या रकान्यात आकडा लिहिला. पेन वर्गाने दिलेलं होतं, शाई जरा फाकली.

आणि मग सरांनी गृहपाठ सांगितला: या पानाखाली घरच्यांची सही आणा. शाळेतल्या पोरांच्या प्रगतिपुस्तकासारखी. पुढच्या शनिवारी २३ पैकी १६ जण आले.

माझी बायको स्टाफ नर्स. रात्रपाळी करून आली होती. पान वाचलं, उलटवलं, मागची कोरी बाजूही पाहिली.

"हे कधीपासून?"

"नाताळच्या आधीपासून."

"सरांले दाखवून राहिले, मंडळीतल्या वीस माणसांले दाखवून राहिले, अन् मले आज?"

तिचं मराठी एरवी माझ्याहून शुद्ध आहे. असं बोलली म्हणजे समजायचं. सही केली नाही. दोन दिवसांनी केली, तारीख टाकून.

म्हणूनच माझी सगळ्यात मोठी तक्रार ही, की वर्ग 'पुरुषांसाठी' का? आमच्या घरी गॅसचं, शाळेच्या फीचं, आईच्या औषधांचं सगळं तीच पाहते. त्या हॉलमध्ये तिची खुर्ची असती तर तो आकडा माझ्या खिशात पाच महिने राहिलाच नसता. नाहीतर मी वर्गालाच गेलो नसतो, तेही शक्य आहे.

तिसऱ्या शनिवारी मी सरांना बाजूला घेऊन नोटीस दाखवली. त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल. एक, जामीनदाराने कर्ज फेडलं की त्याच करार कायद्याच्या कलम १४० प्रमाणे धनकोचे हक्क त्याच्याकडे येतात, म्हणजे भरलेला पैसा मूळ कर्जदाराकडून मागता येतो. दोन, कलम १४६ प्रमाणे दोन जामीनदार असतील तर ओझं दोघांत सारखं, एकाने जास्त भरलं तर दुसऱ्याकडून घेता येतं. म्हणून भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती आपल्या नावाने घ्या. मित्राच्या हातात रोख देऊन 'तू भर' असं करू नका. तीन, नोटिशीला उत्तर द्या, गप्प बसू नका.

मी म्हटलं, सर, पण १ करिंथ ६ मध्ये भावाने भावाला कोर्टात खेचण्याबद्दल काय लिहिलंय? ते म्हणाले, कोर्ट शेवटी, आधी मत्तय १८. पहिल्यांदा एकट्याने जा. मग एक-दोघांना सोबत घे. एकटा गेलो तर मित्र घरी 'नव्हता', त्याची चप्पल मात्र होती. दुसऱ्यांदा पाळकसाहेब आणि सर दोघे माझ्यासोबत आले. मित्र रडला, मीही. महिन्याला चार हजार तो भरतो आहे, उरलेलं मी, पावत्या माझ्या फाइलीत. संस्थेनेही हप्ते मान्य केले. अजून बरंच बाकी आहे. मैत्रीचं काय होईल माहीत नाही, गाणी म्हणायला यंदा तो आला नाही.

चौथा शनिवार विम्याचा, ठीकठाक. ४३६ रुपयांत वर्षाला दोन लाखांचा जीवनज्योती विमा बँकेतूनच निघतो, पन्नाशीच्या आत नाव घालता येतं, हे आमच्यातल्या अर्ध्या जणांना ठाऊक नव्हतं. ऑटोवाल्या भाऊने तिथेच मोबाइल काढला.

पाचव्या शनिवारी मात्र वर्गाने माझ्याकडचे गुण घालवले. गुंतवणुकीवर बोलायला एक पाहुणे आणले. सुरुवात प्रार्थनेने, शेवट कोऱ्या फॉर्मने. विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली कसलीशी योजना, आणि "आपण सगळे प्रभूची लेकरं, आपसात फसवणूक कशी होईल?" ज्या हॉलमध्ये तीन आठवड्यांपूर्वी जामिनावर बोललो तिथे हे वाक्य! त्यांना कमिशन किती मिळतं असं मी विचारलं, तर आलुबोंडे लवकर आले. सरांनी नंतर एवढंच सांगितलं, की बँकेतली ठेव सहकारी असो की दुसरी, पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. हे पाहुण्यांच्या आधी सांगायला हवं होतं.

सहावा शनिवार मृत्युपत्राचा. यायला सगळ्यांत कमी माणसं, बारा. न आलेल्यांचं नुकसान. आपल्याला, म्हणजे भारतातल्या ख्रिस्ती लोकांना, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र न करता मी गेलो, तर बायकोला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश. आणि आईला? 

सर म्हणाले, "काही नाही."

मुलं असली की आईचा वाटाच नाही. माझी आई ७१ वर्षांची, माझ्याच घरात, पुढच्या खोलीत राहते. माझ्या शेजारचा हिंदू सहकारी गेला तर त्याची आई पहिल्या वर्गाची वारस. मी गेलो तर माझी आई सुनेच्या मर्जीवर. माझी बायको चांगली आहे, पण हे तिच्या चांगुलपणावर टाकायचं नाही, असं आम्ही दोघांनी त्याच रात्री ठरवलं. या वेळी दोघांनी.

आणखी दोन गोष्टी त्या संध्याकाळच्या. लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र आपल्यात लग्न झालं की रद्द होतं. आणि मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून ज्याने सही केली, त्याला किंवा त्याच्या नवरा-बायकोला त्यातलं काही मिळत नाही, म्हणून साक्षीला धाकटा भाऊ घेऊ नका. चर्चला काही द्यायचं असेल तर त्यावर पूर्वी ख्रिस्ती माणसाला जाचक अट होती, मरणाआधी किमान बारा महिने मृत्युपत्र केलेलं हवं वगैरे. ती अट घालणारं याच उत्तराधिकार कायद्याचं कलम ११८ सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केलं. कागद छापणाऱ्याने डॉलर छापण्यापेक्षा हे छापलं असतं तर बरं झालं असतं.

तर, पाचपैकी साडेतीन. दुसरा आणि सहावा शनिवार पाचपैकी पाच, पाचवा शून्य. पुढची तुकडी ईस्टरनंतर आहे. बायकांनाही घ्या, असं मी समितीला लिहून दिलं. उत्तर आलं की हॉलमध्ये खुर्च्या कमी पडतील. मोजल्या मी, साठ आहेत.

जाणार असाल तर स्वतःचं पेन न्या, आणि सव्वासातच्या आत ताट हातात घ्या. उशिरा गेलात तर आलुबोंडा संपतो, नुसती तर्री उरते.