कंप्रेसर वॉरंटीत, तरी बिल आमच्या नावावर

ऐन मे महिन्यात, सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर असताना, आमच्या गाडीचा एसी बंद पडला. गाडी वॉरंटीत होती आणि प्रत्येक सर्व्हिसिंग अधिकृत वर्कशॉपमध्येच झालेले होते. तरीही, ‘पुढच्या जाळीमागे एसीचा गॅस थंड करणाऱ्या कंडेन्सरला दगड लागून गॅस गळाला आणि त्यामुळे तो गॅस दाबून फिरवणारा कंप्रेसर गेला, बाहेरून लागलेला मार वॉरंटीत बसत नाही,’ असे सांगून सर्व्हिस ॲडव्हायझरने कंप्रेसरची पूर्ण रक्कम आमच्याकडून भरून घेतली.

हे कारण कोणालाही पटण्यासारखे आहे, कारण बाहेरचा मार किंवा ब्रेक पॅड, वायपर यांसारखे झिजणारे भाग वॉरंटीत सहसा धरत नाहीत. परंतु बिघाडाचे कारण जॉबकार्डवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदपत्रावर, शोरूमच लिहिते, दावाही कंपनीकडे तेच पाठवते आणि तो मंजूर झाल्यास सुटा भाग व मजुरी यांची भरपाई कंपनी त्यांनाच देते. दावा पाठवला की नाही, नाकारला असेल तर कोणी, हे ग्राहकाला आपणहून कोणी सांगत नाही.

पैसे भरले असल्याने जुना कंप्रेसर मागितला, तेव्हा तो भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले. वॉरंटीत बदललेला जुना भाग मात्र कंपनीच्या तपासणीसाठी राखून ठेवावा लागतो, म्हणून शंका आली. बिल पुन्हा नीट वाचले, तर त्यात कंप्रेसर, गॅस आणि मजुरी होती. ज्याला दगड लागला म्हणे, त्या कंडेन्सरचा उल्लेखच नव्हता. अशोक चौकातल्या एका जाणत्या मेकॅनिकने पुढची जाळी काढून दाखवले, तेव्हा कंडेन्सर मूळचाच, पत्र्यांवर जुनी धूळ तशीच बसलेली आणि कुठेही मार वा जोड नाही, असे स्पष्ट दिसले. कंपनीच्या ग्राहक सेवेकडून गाडीची सर्व्हिस हिस्टरी मागवली, तर तोच कंप्रेसर ‘वॉरंटी’ म्हणून नोंदलेला होता. एकाच कामाचे पैसे दोघांकडून घेतले गेले होते, आणि ही उघड लूट आहे.

अशा वेळी नकाराचे कारण सहीशिक्क्यासह लेखी घ्यावे, जुना भाग ताब्यात मागावा आणि सर्व्हिस हिस्टरी थेट कंपनीकडून मिळवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

आम्ही कंपनीकडे लेखी तक्रार केल्यावर शोरूमने रक्कम परत केली, मात्र खोटे कारण कोणी लिहिले याचा खुलासा अद्याप दिलेला नाही. तो लेखी मिळेपर्यंत जिल्हा आयोगातील आमची तक्रार कायम राहील.