जुन्या डेस्कटॉपला सॅटा एसएसडी टाकली, उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

आमचं चोपड्याला सेवा केंद्र आहे, सातबारा, दाखले, पीकविमा असली कामं. मशीन जुनं, थर्ड जनरेशन आय३, एच६१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. उन्हाळ्याच्या तोंडावर ते बूट व्हायचं, म्हणजे चालू होऊन विंडोजपर्यंत जायचं बंद झालं, काळ्या स्क्रीनवर "रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस" आणि बास. शेवटी २५६ जीबीची एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क; सॅटा म्हणजे ती बोर्डाला जोडायची केबल-पोर्टची पद्धत) टाकली, तिच्याबद्दल लिहितोच, पण आधी एक सांगतो, हा मेसेज आला म्हणजे डिस्क गेलीच असं धरून खिशात हात घालू नका.

पहिले बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमधली तारीख बघा. ती जुनी दाखवत असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल उतरलाय, आणि सेल उतरला की सेटिंग डिफॉल्टला जातात, बूट ऑर्डर बदलते, काही बोर्डात सॅटा मोड (बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयचा आयडीई होऊन बसतो आणि डिस्क ठणठणीत असून विंडोज उठत नाही. पेनड्राइव्ह लावलेला राहिला असेल तर तोही काढून बघा. माझी तारीख बरोबर होती. मग सॅटा केबल बदलली, पोर्ट बदलला, पॉवरची पिन दुसरी लावली, तरी डिस्क बायोसमध्ये कधी दिसायची कधी नाही, आणि कॅबिनेट उघडून कान लावला तर टक... टक... टक, मग फिरणं थांबल्यासारखं, परत टक. हा आवाज आला की केबलचा नाद सोडा.

ती डिस्क भावाच्या मशीनला सेकंडरी लावून क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवलं, पिवळ्या रंगात कॉशन. त्यात ०५ आणि सी५ या ओळींचे आकडे वाढलेले असले तर सेक्टर खराब होतायत, आणि फक्त सी७ वाढत असेल तर बहुतेक वेळा केबलचा दोष असतो, डिस्क बिचारी चांगली असते. माझ्याकडे ०५ आणि सी५ दोन्ही. अशा डिस्कवर बॅड सेक्टर शोधणारं चेकडिस्क अजिबात मारू नका, ते अख्खी डिस्क वाचत बसतं आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते. आधी डेटा काढा, जो सगळ्यात महत्त्वाचा तो पहिले. लासूर-अडावदहून माणूस भाडं खर्चून येतो आणि दारातूनच विचारतो "भाऊ, मनं काम व्हयनं का?" (माझं काम झालं का), त्याला डिस्क गेली कसं सांगणार.

आता एसएसडी. नवीन विंडोज टाकताना जुनी हार्डडिस्क केबलसकट काढून ठेवा, नाहीतर बूटच्या फाइल्स जुन्या डिस्कवर जाऊन बसतात आणि पुढे ती काढली की परत तोच मेसेज. अंगठ्याच्या मशीनचा, प्रिंटरचा, स्कॅनरचा ड्रायव्हर परत टाकावा लागला, त्यात अर्धा दिवस गेला, पण वैतागून क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) नाही केलं ते बरं झालं, खराब डिस्कवरून क्लोन मारला तर अर्धवट फाइल्सही सोबत येतात.

स्पीडचं खरं सांगतो. खोक्यावर ५००च्या वर एमबी लिहिलेलं असतं, पण एच६१ ला सॅटा २ चेच पोर्ट, त्याची हद्द ३०० एमबी प्रतिसेकंद, त्यामुळे टेस्टमध्ये २६०-२७० च्या आसपास येतो. तरी फरक जमीन-अस्मानाचा आहे, कारण हार्डडिस्कचा वेळ बारीक बारीक फाइल्स शोधण्यात जायचा आणि तो इथे लागतच नाही. जुलैत पीकविम्याच्या गर्दीत ब्राउजरचे दहा टॅब, पीडीएफ, स्कॅनर सगळं एकदम चालू आणि मशीन कुठे अडलं नाही, रांगेतल्या लोकांना जे जाणवलं ते हेच. पोर्टल अडकलं तर त्याला एसएसडी काय करणार म्हणा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, दुकानावर पत्रे, मला तीच धास्ती होती. हार्डडिस्क त्या दिवसांत हाताला चटका द्यायची, ही कोमट राहिली. लाइट मात्र सारखी जाते, म्हणून यूपीएसची बॅटरी नवीन टाकली, लिहिणं चालू असताना पॉवर तुटणं एसएसडीलाही सोसत नाही. एसएसडीची हेल्थ अजून ९८ टक्के दाखवतंय.

न आवडलेलं म्हणजे ही टकटक करून इशारा देत नाही. गेली तर एका झटक्यात जाऊ शकते आणि डेटा परत काढणं हार्डडिस्कपेक्षा अवघड, खर्चिक. म्हणून रोज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी कामाचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करतो, एसएसडी घेणाऱ्याने याचे पैसे पण धरूनच घ्यावी.

आणि मशीनचं वय एसएसडीने कमी होत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृत चालत नाही. आधारचं, पैशाचं काम अशा मशीनवर जास्त दिवस ठेवणं मला पटत नाही, त्यामुळे पुढच्या सिझनच्या आत नवीन डेस्कटॉप घेणार, आणि ही एसएसडी काढून त्यात दुसरी ड्राइव्ह म्हणून लावणार.